ऑफिस सॉफ्टवेअरचं अपग्रेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवृत्ती तीच, मग एकाचं सुरळीत होतं आणि दुसऱ्याचं काम अडतं, असं का?

कारण बदलतो तो फक्त प्रोग्रॅम. त्याला वर्षानुवर्षं जोडत गेलेल्या गोष्टी जुन्याच राहतात: मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा कोड), अ‍ॅड-इन (ऑफिसला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम), टेम्प्लेट (कागदपत्राचा ठरलेला साचा), फॉन्ट, प्रिंटरचा ड्रायव्हर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून थेट एक्सेलमध्ये येणारा डेटा. ज्याला पत्रं, साधे तक्ते आणि अधूनमधून एखादं प्रेझेंटेशन एवढंच करायचं असतं, त्याचं काम तासाभरात पुन्हा सुरू होतं. ज्याच्या एक्सेल फाईलमध्ये सोडून गेलेल्या सहकाऱ्याने लिहिलेला मॅक्रो आहे, त्याचे त्याच अपग्रेडमध्ये दोन दिवस जाऊ शकतात. म्हणून दुसऱ्याचा अनुभव विचारताना ‘नवीन ऑफिस कसं आहे?’ असं विचारून फारसं कळत नाही. मॅक्रो वापरता का, ३२-बिट होतं की ६४-बिट (प्रोग्रॅमचे दोन प्रकार, पुढे पाहा), मेल कुठल्या प्रोग्रॅममध्ये पाहता, हे विचारा. उत्तरं तुमच्या परिस्थितीशी जुळली तरच तो अनुभव तुमच्या कामाचा.

जुनं ऑफिस नीट चालतंय. बदलायलाच हवं का?

चालतंय म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतरही प्रोग्रॅम उघडतात, पण त्यात सापडणारी सुरक्षेची भोकं बुजवली जात नाहीत. ऑफिस २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची आहे आणि ऑफिस २०२४ ची ९ ऑक्टोबर २०२९ ची. बाहेरून आलेल्या फाईली रोज उघडाव्या लागत असतील तर सपोर्ट संपलेलं ऑफिस वापरू नका, असंच आम्ही सांगू. इंटरनेटला न जोडलेल्या, एकाच कामाच्या यंत्रावर ते ठेवलं तर धोका बराच कमी असतो.

एकदाच विकत घ्यायचं की सबस्क्रिप्शन?

एकदाच घेतलेल्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, नवीन सोयी येत नाहीत. २०२१ घेतलं म्हणून २०२४ आपोआप मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ या सबस्क्रिप्शनमध्ये सोयी येत राहतात आणि त्यासोबत न मागितलेले बदलही येतात. आदल्या दिवशीपर्यंत असलेलं बटण सकाळी दुसरीकडे गेलेलं दिसतं. सबस्क्रिप्शन संपलं तर फाईली वाचता आणि छापता येतात, पण बदलता येत नाहीत किंवा नव्या करता येत नाहीत. रोज तेच ते काम ठरलेल्या पद्धतीने करणाऱ्यांना एकदाच घेतलेली आवृत्ती जास्त शांतपणे वापरता येते. दोन-तीन यंत्रांवर काम करणाऱ्यांना किंवा एकाच फाईलवर अनेकांनी मिळून काम करणाऱ्यांना सबस्क्रिप्शन सोयीचं पडतं.

अपग्रेडच्या आधी नेमकं काय काय बाजूला काढून ठेवायचं?

फाईलींचा बॅकअप बहुतेक जण घेतात. विसरतात ते सेटिंग्जचा. विंडोजच्या चिन्हाची की आणि ‘आर’ एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘अ‍ॅपडेटा’ हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन लिहा आणि एंटर करा. उघडलेल्या ‘रोमिंग’ फोल्डरमधलं ‘मायक्रोसॉफ्ट’ हे फोल्डर पाहा. त्यातली ही पाच फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा:

- टेम्प्लेट्स. वर्डची ‘नॉर्मल’ टेम्प्लेट इथे असते. तुमच्या स्टाईल आणि वर्डमधले मॅक्रो बहुधा याच एका फाईलमध्ये असतात.
- एक्सेल, आणि त्याच्या आतलं एक्सएलस्टार्ट. ‘पर्सनल’ नावाची मॅक्रो वर्कबुक इथे असते.
- यूप्रूफ. स्पेलिंग तपासताना तुम्ही शब्दकोशात घातलेले शब्द.
- ऑफिस. ऑटोकरेक्टच्या याद्या.
- सिग्नेचर्स. आउटलुकमधल्या सह्या.

रिबन (बटणांची रुंद पट्टी) किंवा वरची छोटी पट्टी आपल्या सोयीने लावून घेतली असेल तर फाईल, ऑप्शन्स, कस्टमाईज रिबन या वाटेने जाऊन खालच्या ‘इम्पोर्ट/एक्सपोर्ट’ बटणाने ती रचना फाईलमध्ये काढता येते. हे प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळं करावं लागतं. वर्डमधून काढलेली रचना एक्सेलला चालत नाही.

आउटलुकची पीएसटी फाईल (मेल साठवलेली फाईल) बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाईल्स’ या फोल्डरमध्ये सापडते. कॉपी करताना आउटलुक पूर्ण बंद हवं. उघड्या पीएसटीची प्रत एक तर होतच नाही, किंवा झाली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मेल पॉप पद्धतीने (सर्व्हरवरून यंत्रावर उतरवून) येत असेल तर या कॉपीला फार जपा, कारण सर्व्हरवर दुसरी प्रत असेलच असं नाही.

शेवटचं म्हणजे लायसन्स कुठल्या ईमेल खात्याला जोडलेलं आहे ते पाहून लिहून ठेवा. ऑफिस काढून टाकल्यावर हे आठवत बसण्यात लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

३२-बिट की ६४-बिट? एवढं महत्त्वाचं आहे का?

हो. अपग्रेडनंतरच्या तक्रारींमध्ये या एका निवडीपाशी येऊन थांबणाऱ्या तक्रारी खूप असतात. हल्लीचं ऑफिस काही न विचारता ६४-बिट इन्स्टॉल होतं, आणि जुन्या यंत्रावर अनेकदा ३२-बिट असतं. आधी आपलं पाहून घ्या: फाईल, अकाउंट, अबाउट वर्ड. वरच्याच ओळीत आवृत्ती आणि बिट लिहिलेले असतात.

६४-बिटचा खरा फायदा मोठ्या एक्सेल फाईलींना होतो, कारण ३२-बिट प्रोग्रॅमला मेमरीची २ ते ४ जीबीची कुंपणं असतात. मात्र तीन ठिकाणी अडतं.

पहिलं ठिकाण मॅक्रोचं. विंडोजच्या आतल्या सोयी बोलावणारी ‘डिक्लेअर’ने सुरू होणारी ओळ जुन्या कोडमध्ये असेल तर ६४-बिटमध्ये ती ओळ लाल होते आणि कोड ६४-बिटसाठी सुधारा असा निरोप येतो. ‘डिक्लेअर’नंतर ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घातला की निरोप जातो. लोक इथेच थांबतात, आणि ही चूक महागात पडते. त्याच ओळीत खिडकीचा हँडल (विंडोजने दिलेली ओळख) किंवा मेमरीचा पत्ता ‘लाँग’ या प्रकारचा घेतलेला असेल तर तो ‘लाँगपीटीआर’ करावा लागतो, कारण ६४-बिटमध्ये पत्ता ८ बाइटचा असतो आणि ‘लाँग’मध्ये मावतात ४. नाही बदललं तर मॅक्रो चालल्यासारखा वाटतो आणि मध्येच एक्सेल बंद पडतं.

दुसरं ठिकाण फॉर्मवरच्या जुन्या कंट्रोलचं. तारीख निवडायचं ते लहानसं कॅलेंडर, म्हणजे ‘डेट अँड टाईम पिकर’, फक्त ३२-बिटचं आहे. ६४-बिटमध्ये त्याला इलाज नाही. फॉर्म नव्याने करावा लागतो, किंवा साधी टेक्स्ट बॉक्स ठेवून त्यातली तारीख तपासून घ्यावी लागते.

तिसरं, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी असलेली जोडणी. ‘एसीई ओलेडीबी प्रोव्हायडर रजिस्टर केलेला नाही’ अशा अर्थाचा संदेश आला (एसीई ओलेडीबी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला ऑफिसचा डेटा वाचू देणारा दुवा), तर बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअर ३२-बिट आणि ऑफिस ६४-बिट असं झालेलं असतं, किंवा याच्या उलट.

या तीनपैकी एकही तुमच्याकडे असेल तर इन्स्टॉल करताना ‘अदर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ३२-बिट निवडा. त्यात कमीपणा काही नाही. नंतर बिट बदलायचे तर ऑफिस पूर्ण अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकावं लागतं, आणि दोन्ही प्रकार एकाच यंत्रावर शेजारी शेजारी राहत नाहीत.

जुनं ऑफिस आधी काढायचं की त्यावरच नवीन टाकायचं?

आधी काढा, यंत्र रीस्टार्ट करा, मग नवीन टाका. जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरने टाकलेलं ऑफिस आणि आताचं ‘क्लिक-टू-रन’ (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून उतरून बसणारं) ऑफिस एकत्र आलं की फाईल कुठल्या वर्डमध्ये उघडायची याचा घोळ सुरू होतो. प्रत्येक वेळी ‘कॉन्फिगर होत आहे’ अशी पट्टी दिसते. कंट्रोल पॅनेलमधून ऑफिस निघत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतंत्र अनइन्स्टॉल साधन वापरा. प्रोग्रॅम फाईल्समधलं फोल्डर हाताने पुसू नका, कारण रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) नोंदी तशाच राहतात आणि नवीन इन्स्टॉलर त्यांनाच अडखळतो.

नवीन ऑफिस टाकलं तरी फोल्डरचं नाव ‘ऑफिस १६’च दिसतं. फसवणूक झाली का?

नाही. २०१६, २०१९, २०२१, २०२४ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ या सगळ्यांचा आतला क्रमांक १६.० हाच आहे.

मॅक्रोवर लाल पट्टी येते आणि ‘एनेबल’चं बटणच नाही. काय करायचं?

ही बिघाडाची खूण नाही. इंटरनेटवरून किंवा ईमेलमधून आलेल्या फाईलीतले मॅक्रो २०२२ या वर्षापासून ऑफिस आपणहून अडवतं. अशा फाईलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं आणि ऑफिस ती वाचतं. फाईल कुणाकडून आली आणि त्यात काय आहे याची पक्की खात्री असेल तरच पुढचं करा: फाईल बंद करा, तिच्यावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबच्या तळाशी ‘अनब्लॉक’ची चौकट टिक करा आणि ओके म्हणा.

रोजच्या वीस फाईलींसाठी असं करत बसणं शक्य नाही. त्यासाठी एक वेगळं फोल्डर करा आणि फाईल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स इथे त्याचं नाव घाला. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप मात्र कधीही घालू नका. तिथे काय काय येऊन पडतं यावर आपला ताबा नसतो. ‘एनेबल ऑल मॅक्रोज’ हा पर्याय तर निवडूच नका, एका दिवसासाठीही नाही.

नेटवर्कवरची फाईल आकड्यांच्या पत्त्याने उघडत असाल, तर विंडोज तिला इंटरनेटवरची समजू शकतं. सर्व्हरच्या नावाने उघडून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

फॉर्मवरची बटणं दिसतात, पण दाबली तरी काही होत नाही.

ती अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल (फाईलीत बसवलेले जुन्या पद्धतीचे छोटे प्रोग्रॅम) असावीत. ऑफिस २०२४ मध्ये ती सुरुवातीपासूनच बंद आहेत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एप्रिल २०२५ पासून बंद होत गेली. ट्रस्ट सेंटरमधल्या ‘अ‍ॅक्टिव्हएक्स सेटिंग्ज’मध्ये विचारून चालू करण्याचा, म्हणजे ‘प्रॉम्प्ट मी’ने सुरू होणारा पर्याय निवडा. कायमचा इलाज म्हणून ती बटणं काढून ‘फॉर्म कंट्रोल’ची बटणं घाला आणि त्यांना तोच मॅक्रो जोडा. साध्या बटणासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे.

एक्सेलच्या सूत्रांमध्ये आपोआप ‘@’ आलं. आकडे चुकले का?

आकडे तेच आहेत. समजा बी३ मध्ये तुम्ही पूर्वी ‘=A1:A10’ लिहिलं होतं. जुनं एक्सेल त्यातून गुपचूप आपल्याच रांगेतलं, म्हणजे ए३ मधलं मूल्य उचलायचं. नवीन एक्सेल हेच सूत्र ‘=@A1:A10’ असं दाखवतं. आधी जे न सांगता होत होतं ते आता लिहून दाखवलंय, एवढाच फरक. ते चिन्ह खोडलंत तर दहाच्या दहा मूल्यं खालच्या घरांत सांडतात, आणि खाली आधीच काही भरलेलं असेल तर ‘स्पिल’ची चूक येते. म्हणून कारण कळल्याशिवाय ‘@’ खोडू नका.

नव्या एक्सेलमध्ये केलेली फाईल समोरच्याकडे उघडते, पण आकडे हलवले की ‘नेम’ची चूक दाखवते.

एक्सलुकअप, फिल्टर, युनिक, लेट ही फंक्शन्स २०२१ पासूनची आहेत. टेक्स्टस्प्लिट, व्हीस्टॅक, लॅम्ब्डा एकदाच घ्यायच्या आवृत्तीत आली ती २०२४ मध्ये. २०१९ मध्ये फाईल उघडली की आधी सगळं ठीक दिसतं, कारण फाईलीत साठवलेलं शेवटचं उत्तर दाखवलं जातं. घरात जाऊन एंटर दाबलं किंवा सूत्र पुन्हा मोजलं गेलं की उत्तर जातं आणि चूक उरते. ही चूक फसवी आहे, कारण पाठवणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. फाईल बाहेर पाठवायची असेल तर इंडेक्स आणि मॅच यांची जोडी वापरा, नाहीतर फक्त मूल्यं पेस्ट करून पाठवा. कुठे अडेल ते फाईल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, चेक कम्पॅटिबिलिटी इथे कळतं.

४० पानांचा अहवाल ४२ पानांचा झाला. का?

तीन शक्यता या क्रमाने तपासा. पहिली, मूळ फॉन्ट या यंत्रावर नाही आणि त्याच्या जागी दुसरा लागलाय. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, फॉन्ट सबस्टिट्यूशन इथे कुठल्या फॉन्टऐवजी कुठला लागला ते दिसतं. दुसरी, ठरलेला प्रिंटर बदललाय. वर्ड पानांची मांडणी करताना प्रिंटरचा ड्रायव्हर विचारात घेतं, म्हणून ड्रायव्हर बदलला की ओळी सरकू शकतात. तिसरी, कुणीतरी जुन्या फाईलीवर ‘कन्व्हर्ट’ दाबलंय. कम्पॅटिबिलिटी मोडमधून (फाईल जुन्या आवृत्तीच्या पद्धतीने दाखवण्याच्या अवस्थेतून) बाहेर काढलं की मांडणी बदलू शकते, आणि वर्ड तसं आधी सांगतंही. छपाईला गेलेली किंवा सही झालेली कागदपत्रं कन्व्हर्ट करू नका. त्यांची पीडीएफ काढून ठेवा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२३ पासून नव्या कागदपत्रांना कॅलिब्रीऐवजी अ‍ॅप्टोस हा फॉन्ट लागतो. जुन्या फाईलींना त्याने काही होत नाही. पण अ‍ॅप्टोसमध्ये लिहिलेलं पत्र जुन्या ऑफिसवर गेलं की तिथे तो फॉन्ट नसतो. बाहेर पाठवायच्या कागदांसाठी नॉर्मल टेम्प्लेटमध्ये कॅलिब्री किंवा एरियल कायम करून टाका.

मराठी मजकूर बिघडला. अक्षरं तुटतात, किंवा भलतीच दिसतात.

आधी मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) आहे का ते ओळखा. फॉन्ट बदलून टाईम्स न्यू रोमन करा. अक्षरं मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर जुन्या पद्धतीचा फॉन्ट, उदाहरणार्थ कृतिदेव.

युनिकोड मजकुरात पूर्वी मंगल फॉन्ट असेल आणि आता वेगळाच लागत असेल, तर विंडोज १० आणि ११ मध्ये मंगल हा वेगळा उतरवून घ्यावा लागणारा फॉन्ट आहे हे लक्षात घ्या. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घातलं की मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे परत येतात.

कृतिदेवची गोष्ट वेगळी. तिथे आतली अक्षरं इंग्रजीच असतात, दिसतात फक्त मराठी. लहान ‘d’ म्हणजे ‘क’ आणि मोठं ‘D’ म्हणजे अर्धा ‘क्’. अपग्रेडनंतर ऑटोकरेक्ट मूळ सेटिंगवर गेलेलं असतं, आणि ते वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं. मग वाक्याच्या सुरुवातीचा पूर्ण ‘क’ आपोआप अर्धा होतो आणि टाईप करणाऱ्याला वाटतं कीबोर्डच बिघडला. फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये पहिलं अक्षर मोठं करणारे पर्याय आणि ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाईप’मधलं गोल अवतरणचिन्हांचं टिक काढा. जुनी कागदपत्रं जमेल तशी युनिकोडमध्ये आणत राहा, असा आमचा मनापासून आग्रह आहे. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तिथे ती वाचताही येत नाहीत आणि शोधताही येत नाहीत.

नवीन आउटलुक घ्यावं का?

कॉम प्रकारचे (विंडोजवर वेगळे इन्स्टॉल होणारे) अ‍ॅड-इन किंवा आउटलुकमधले मॅक्रो वापरत असाल तर नको. नव्या आउटलुकमध्ये ते चालत नाहीत. जुन्या मेलच्या पीएसटी फाईलींवर रोजचं काम असेल तरीही सध्या जुन्या, ‘क्लासिक’ आउटलुकवरच राहा, त्याचा सपोर्ट किमान २०२९ पर्यंत आहे. फक्त मेल वाचायचे, पाठवायचे आणि कॅलेंडर पाहायचं असेल तर नवीन चालेल.

जुन्या कुठल्या फाईली नव्या ऑफिसमध्ये उघडणारच नाहीत?

अ‍ॅक्सेस ९७ चा डेटाबेस २०१३ पासून पुढच्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडत नाही. तो आधी २०१० किंवा २००७ मध्ये उघडून नव्या रूपात सेव्ह करावा लागतो. म्हणून जुनं ऑफिस काढण्याआधी असे डेटाबेस शोधा. पब्लिशर (पत्रकं मांडण्याचा प्रोग्रॅम) ऑफिस २०२४ मध्ये नाही आणि ऑक्टोबर २०२६ नंतर त्याचा सपोर्टही नाही, तेव्हा त्यातल्या फाईली पीडीएफ किंवा वर्डमध्ये काढून घ्या. ‘इक्वेशन एडिटर ३.०’ने लिहिलेली गणिती सूत्रं दिसतात, पण जुन्या पद्धतीने बदलता येत नाहीत. ते साधन सुरक्षेच्या कारणाने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकलं.

अपग्रेडनंतर वर्ड उघडायला फार वेळ लागतो, किंवा मध्येच बंद पडतं.

कंट्रोल की दाबून धरून वर्डचं चिन्ह उघडा, सेफ मोड विचारेल, हो म्हणा. त्यात नीट चाललं तर दोष अ‍ॅड-इनचा किंवा टेम्प्लेटचा. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली ‘कॉम अ‍ॅड-इन्स’, गो. सगळे बंद करा आणि एकेक चालू करत जा. जुने पीडीएफ आणि स्कॅनरचे अ‍ॅड-इन आधी तपासा. तरीही तसंच असेल तर वर्ड बंद करून नॉर्मल टेम्प्लेटचं नाव बदला, वर्ड नवीन तयार करून घेतं. पडदा लुकलुकत असेल तर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘डिसेबल हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन’ टिक करून पाहा. शेवटी रिपेअर. ‘क्विक रिपेअर’ला इंटरनेट लागत नाही. ‘ऑनलाईन रिपेअर’ ऑफिस जवळपास पुन्हा इन्स्टॉलच करतं, म्हणून ते हातातलं काम संपवून करा.

लिबरऑफिस अपग्रेड करताना वेगळं काय पाहायचं?

लिबरऑफिस हा मायक्रोसॉफ्ट ऑफिसला मोफत पर्याय आहे. दर वर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मोठी आवृत्ती येते. २०२४ पासून क्रमांक वर्ष आणि महिन्यावरून असतो, म्हणून ७.६ नंतर थेट २४.२ दिसलं तर मध्ये काही चुकलेलं नाही. रोजच्या कामाच्या यंत्रावर मोठी आवृत्ती आली त्याच दिवशी टाकू नका. तिच्या दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्या. २५.८ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ वर ते चालत नाही.

विंडोजवर नवीन लिबरऑफिस जुन्याच्या जागीच बसतं, पण यूजर प्रोफाईल जुनंच वापरतं. अपग्रेडनंतर विचित्र काही दिसलं, मेनू गायब झाले किंवा सुरू होतानाच बंद पडलं, तर दोष बहुधा तिथे असतो. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे बरं चाललं तर अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये लिबरऑफिस, त्याच्या आत ‘४’, त्यात ‘यूजर’ हे फोल्डर आहे. त्याचं नाव बदला, पुसू नका. त्यातून टेम्प्लेट आणि शब्दकोश नंतर काढून घेता येतात. अक्षरं फाटल्यासारखी दिसत असतील तर टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यूमध्ये स्किया (पडद्यावर चित्र काढणारी सोय) बंद करून पाहा. बेस (लिबरऑफिसचा डेटाबेस प्रोग्रॅम) वापरत असाल तर जावा हे सॉफ्टवेअर लागेल, आणि तेही लिबरऑफिसइतक्याच बिटचं.

जुन्यावर परत जाता येतं का?

मायक्रोसॉफ्ट ३६५ चं ताजं अपडेट बिघडलं असेल तर हो. अकाउंटमधल्या अपडेट ऑप्शन्समध्ये अपडेट बंद करा. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून क्लिक-टू-रनच्या क्लायंट प्रोग्रॅमला आधीच्या आवृत्तीचा १६.० ने सुरू होणारा पूर्ण क्रमांक द्या. तो क्रमांक अपडेटच्या आधी अकाउंटच्या पानावरून टिपलेला असेल तर शोधाशोध वाचते. बिघाड दुरुस्त झाला की अपडेट पुन्हा चालू करायला विसरू नका.

एकदाच घेतलेल्या आवृत्तीत परतायचं तर अनइन्स्टॉल करून जुना इन्स्टॉलर चालवावा लागतो. तोवर नव्या ऑफिसमध्ये सेव्ह केलेल्या फाईली जुन्यात उघडतील, पण नवी फंक्शन्स चालणार नाहीत. जुन्या एक्सएलएस प्रकारात सेव्ह करताना विशेष सांभाळा: त्यात ६५,५३६ रांगा आणि २५६ स्तंभच मावतात. एक्सेल सूचना देतं, ती न वाचता पुढे गेलात तर त्यापलीकडचा डेटा फाईलीत राहत नाही.

अनेक यंत्रं आहेत. सगळी एकदम करायची का?

एक करा, आणि सगळ्यात सोपं काम असलेलं नको, सगळ्यात किचकट काम असलेलं निवडा. त्यावर महिन्याअखेरचा हिशेब, लेबलं छापण्याचा मेल मर्ज, बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून येणारा डेटा हे सगळं खरोखर करून पाहा. मेल मर्जमध्ये तारखा आणि दशांश नीट येतात का ते छापील कागदावर तपासा, पडद्यावर नाही. जुनं ऑफिस असलेलं एक यंत्र महिनाभर तसंच राहू द्या. महिन्यातून एकदाच उघडणारी फाईल कुठे अडते ते पहिल्या आठवड्यात कळत नाही.